वहिनींचा ऊस आणि माझं गणित

मी गणितात बी.ए. झालो तेव्हा आमच्या भावकीत कुणी मॅट्रिकच्या पुढं गेलेलं नव्हतं. बैलाची किंमत असो, रानाची मोजणी असो, काही अडलं की लोक म्हणायचे, "मास्तरला इचारा." खरं तर मी अजून मास्तर झालो नव्हतो. जूनपासून सांगलीच्या एका शाळेत नोकरी मिळायची होती, एवढंच. पण माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं, आणि ते उतरवायला त्या उन्हाळ्यात पत्त्यांचा एक जुना कॅट पुरला.

ते लढाईचं शेवटचं साल. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, पण सातारा लांब आणि सांगली जवळ, म्हणून शिकायला मी सांगलीला. विश्रामबागेकडं खोली घेऊन चार वर्षं राहिलो. खर्च सगळा थोरल्या भावाच्या पगारातून. दादा पलटणीत होता, तेव्हा ब्रह्मदेशाकडं कुठंतरी. आई-वडील आधीच गेलेले. घरी वहिनी एकट्या, आणि जमीन, बैलं, म्हैस सगळं त्यांच्या अंगावर.

आदल्या दिवाळीत दादा दहा दिवसांच्या रजेवर आला होता. निघताना वहिनींनी विचारलं, "इहिरीखालच्या रानात यंदा ऊस लावू का?" दादा मोठ्यांदा हसला. म्हणाला, "बाईमानसाला ऊस पेलायचा न्हाई. जोंधळा टाक आन् गप बस."

वहिनी गप बसल्या. दादाची मोटार शिरवळच्या पुढं गेली नसेल तोवर त्यांनी बेणं कुणाकडनं आणायचं ते ठरवून टाकलं होतं. जानेवारीत एक एकर ऊस लागला. मी उन्हाळ्यात घरी आलो तेव्हा तो गुडघ्याच्या वर आला होता, हिरवागार, एक सरी मोकळी नाही. वहिनींनी मला बांधावर नेऊन उभं केलं आणि म्हणाल्या, "भावजी, ह्यो आख्खा एकर मला त्यास्नी उभा दावायचा हाय. मग बघू काय म्हनत्यात ते."

त्यांनी आयुष्यात दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही. साडी मागितली नाही, डागिना मागितला नाही. ह्या एका एकरात मात्र त्यांचा सगळा जीव अडकला होता, आणि तो एकर पाजायचं काम माझ्याकडं होतं. मी मोट हाकायचो, वहिनी खाली सरीवर दारं धरायच्या.

बी.ए. झालेला माणूस मोट कशी हाकतो हे बघायला पहिल्या आठवड्यात दोन-चार रिकामटेकडे बैलांच्या धावेवर येऊन बसायचे. बैलं माझं ऐकत नसत. मी त्यांना 'मागं सरका' म्हणायचो आणि ती माझ्याकडं वळून बघायची. वहिनी खालून ओरडायच्या, "आवं भावजी, जरा जोरात म्हना की! साळंत हाय व्हय तुमी?" पंधरा दिवसांत हाताला घट्टे पडले आणि बैलांनी मला सोसायचं ठरवलं.

विहीर तीन घरांची. आमचं एक, चुलत्यांचं एक आणि चुलतभावाचं एक. प्रत्येकाला दोन दिवस पाणी, सहा दिवसांत फेरा पुरा. ह्याला कागद नव्हता, सही नव्हती. कुणाच्या घरी लग्न निघालं, कुणाचा बैल दुखावला, तर तोंडानं पाण्याची अदलाबदल व्हायची. 'माझा उद्याचा दिवस तुला दिला' म्हटलं की दिला. विहिरीवर बोललेला शब्द आजवर कुणी फिरवला नव्हता. एक सूट तेवढी होती. हातानं शेंदून, डोक्यावर नेता येईल तेवढं पाणी कुणीही कधीही न्यावं, त्याचा हिशेब नाही.

चुलते हवालदार होते. सगळं गाव त्यांना हवालदारच म्हणायचं, मीही. आफ्रिकेत कुठंतरी पायात गोळी घेऊन ते घरी आले होते, एका पायानं लंगडत चालायचे आणि सोबत तीन वस्तू आणल्या होत्या: एक ओव्हरकोट, एक चहाची किटली आणि पत्त्यांचा कॅट. मे महिन्यात ओव्हरकोट घालता येत नव्हता, त्याचं त्यांना फार वाईट वाटायचं. कॅट मात्र रोज दुपारी निघायचा.

दुपारी बैलं सोडली की विहिरीवरच्या जांभळीखाली आम्ही तिघं बसायचो. हवालदार, मी आणि चुलतभाऊ. चुलतभाऊ पैलवान गडी, बोलायचा कमी, हसायचा जास्त. गावात तोवर रमी आणि लाडीस एवढंच माहीत. हवालदारांनी गोऱ्या सोल्जरांचा खेळ आणला, पोकर. पाच पानं वाटायची. आपल्या पानांकडं बघून मध्ये काही लावायचं. समोरच्यानं जास्त लावलं तर एक तर तेवढं लावून 'बघतो' म्हणायचं, नाहीतर पानं पालथी टाकून उठायचं. मग नको असलेली पानं एकदाच बदलून मिळायची आणि शेवटी ज्याची पानं भारी त्याचं मधलं सगळं. दोन सारखी, त्यावर तीन सारखी, त्यावर पाचही एका रंगाची. म्हणजे पाचही बदाम, किंवा पाचही इस्पिक.

पैसे लावायची सोय नव्हती. त्या काळात भूमिगत मंडळींचा आमच्या भागात दरारा होता. जुगार खेळताना सापडला तर तळव्यांवर काठ्या, मग तो हवालदार असो नाहीतर बी.ए. असो. पैलवान म्हणाला, "मग नुसतंच खेळू." हवालदार म्हणाले, "नुसतं खेळाय् आपुन काय बायका हाय व्हय? पानी लावू. पान्याला जुगार कोन म्हनतंय?"

आणि आम्ही पाणी लावायला लागलो. एका दिवसाच्या पाण्याचे बारा चिंचोके ठरले. चार चिंचोके जिंकले की दुसऱ्याच्या दिवसातला तिसरा हिस्सा आपला. त्या वेळी मला हे फार हुशारीचं वाटलं. आज वाटतं, पैसे लावले असते तर बरं झालं असतं. माझ्याकडं पैसे नव्हते.

आता माझं गणित. कॉलेजात आम्हाला संभाव्यता शिकवली होती. पिशवीत इतके पांढरे गोटे, इतके काळे, एक काढला तर काळा निघायचा संभव किती. परीक्षेत मला या भागात पैकीच्या पैकी मार्क पडले होते. पहिल्याच दिवशी मी ओळखलं, हे तर तेच, गोट्यांच्या जागी पानं. मी घरात जाऊन वही-पेन्सिल आणली आणि जांभळीखाली मांडी ठोकून आकडे मांडायला लागलो. त्या वेळी हवालदार या कॅटाची काहीतरी लांबलचक हकीकत सांगत होते. कुणी साहेब, कुणी मडम. पैलवान पोट धरून हसत होता. मी बोट वर करून म्हणालो, "जरा थांबा, माझी बेरीज चुकेल."

माझा नियम सोपा होता. समजा माझ्याकडं चार पानं एका रंगाची आहेत, पाचवं हवंय. बावन्न पानांतली पाच माझ्या हातात, उरली सत्तेचाळीस. त्या रंगाची तेरा, त्यातली चार माझ्याकडं, उरली नऊ. म्हणजे सत्तेचाळिसात नऊ. ढोबळ मानानं पाचात एकदा पान येणार, चारदा चुकणार. तेव्हा एक चिंचोका लावून मधले पाच-सहा मिळणार असतील तर 'बघतो' म्हणावं, दोन-तीनच मिळणार असतील तर पानं टाकून उठावं. बस. ह्यात रागलोभाला, धीटपणाला, कशालाही जागा नाही. हे मी दोघांना खोडरबरानं खाडाखोड करत समजावूनही सांगितलं. पैलवान म्हणाला, "लय ग्वाड हाय ऐकाय." हवालदार म्हणाले, "आमचं निराळं हाय. जेवढं गेलं तर घरला जाऊन सांगता येईल, तेवढंच लावायचं. त्याच्या म्होरं एक चिंचोका न्हाई."

मी मनात म्हटलं, बिचारे. इंग्रजांनी ह्यांना बंदूक दिली, शिकवलं मात्र काही नाही.

पहिले वीस दिवस मी जिंकलो. कारण अगदी साधं. पैलवानाला पानं टाकून उठायचा कमीपणा वाटायचा, काहीही हातात आलं तरी तो 'बघतो' म्हणायचा, आणि मी दहातल्या सात वेळा पानं टाकायचो. त्यानं सांडलेलं पाणी मी आणि हवालदार गोळा करत होतो. पण मला वाटलं, हे सत्तेचाळिसात नऊ काम करतंय. आमच्या उसाला दोनाऐवजी कधी अडीच, कधी पावणेतीन दिवस पाणी मिळायला लागलं. वहिनींना मी सांगितलं, "हवालदारांनी दिलं." त्यांचे डोळे भरून आले. "मामंजी लय देवमानूस," म्हणाल्या, आणि त्यांच्या घरी ताकाचं भांडं पाठवलं. हवालदारांनी ताक पिऊन मिशा पुसल्या आणि माझ्याकडं बघून डोळा मिचकावला. मला मोठी मौज वाटली होती.

ऊस कंबरेला लागला. मग मेची तलखी सुरू झाली. आमचं रान मुरमाड, पाणी दिलं की चौथ्या दिवशी पानं सुरळी करायला लागायची. वहिनी रोज संध्याकाळी बांधावर जाऊन बघायच्या आणि येऊन म्हणायच्या, "अजून धा-बारा दिस निघाले पायजेत भावजी. मग पाऊस हायच." मला वाटलं, दहा-बारा दिवस कशाला? एकदा मोठा हात मारावा, पुढच्या दोन फेऱ्यांचं हवालदारांचं पाणी आपल्याकडं घ्यावं, वहिनींनी पाटाचं तोंड बंदच करू नये. त्यांच्या तोंडावरचा आनंद मला आधीच दिसायला लागला होता. खरं सांगायचं तर त्या आनंदापेक्षा पुढं सांगायची गोष्ट मला जास्त दिसत होती, ती गोष्ट मी सांगलीला जाऊन वर्गात सांगणार होतो.

त्या दुपारी मी खिशातून अठ्ठेचाळीस चिंचोके काढून समोर ठेवले. पुढच्या दोन फेऱ्यांचं आमचं पाणी, चार दिवसांचं. पैलवानानं तोंडावर हात ठेवला. हवालदारांनी विचारलं, "घरात इचारलंयस?" मी म्हणालो, "घरचा कारभार मीच बघतो." हे वाक्य आठवलं की अजून कान गरम होतात. वहिनी त्या घटकेला डोक्यावर शेणाची पाटी घेऊन समोरच्या बांधावरनं चालल्या होत्या.

हवालदारांनी पण तेवढेच मांडले. तीन-चार डाव किरकोळ गेले, चिंचोके फिरून जिथले तिथं आले. मग पानं आली. बदामचा राजा, बदामची दश्शी, बदामची सत्ती, बदामची तिर्री, आणि पाचवं एक भिकार किल्वर. चार बदाम! मी सहा लावले. पैलवानानं सहा लावले. हवालदारांनी बारा. मी वाढवले, पैलवानानं नाइलाजानं पानं टाकली, आयुष्यात पहिल्यांदा शहाणपणा केला. हवालदार चढवत गेले, मी मागं मागं. भानावर आलो तेव्हा माझे छत्तीस मध्ये पडले होते आणि हवालदारांनी आपले अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस पुढं सरकवले होते. माझ्यापाशी बारा उरले होते.

"बघतूस का टाकतूस?" हवालदार म्हणाले.

मी वही काढली. हो, अशा वेळी वही काढली. मध्ये छत्तीस, अठ्ठेचाळीस आणि पैलवानाचे सहा, नव्वद. लावायचे बारा. म्हणजे एकाला साडेसात. मला एकाला साडेचार मिळाले असते तरी चाललं असतं. इतका स्वच्छ हिशेब परीक्षेतसुद्धा येत नाही. मी पेन्सिल कानावर ठेवली. हवालदार हळूच म्हणाले, "मास्तर, टाक. बारा हायत न्हवं, एक दिस तरी भिजंल तुमचा ऊस." मला वाटलं, म्हातारा घाबरला.

"बघतो," मी म्हणालो, आणि शेवटचे बारा पुढं ढकलले.

किल्वर टाकून एक पान घेतलं. सावकाश उचललं. चौकट पंजी. लाल होती म्हणून एक क्षण मी तिच्याकडं आशेनं बघितलंसुद्धा.

हवालदारांनी तीन अठ्ठ्या मांडल्या. मी म्हणालो, "नशीब. पाचात चारदा चुकणारच होतं." अजून माझा तोरा गेला नव्हता.

हवालदारांनी चिंचोके गोळा केले नाहीत. माझ्या हातातली पानं घेतली, बघितली आणि कपाळावर हात मारला. "आरं लेका, बदामावर बसला हुतास व्हय? ह्यात बदाम कुठं हायती?"

मी म्हणालो, "म्हणजे?"

"पैल्याच दिशी सांगितलं की! ह्यो कॅट आमच्या साहेबाचा. त्यो मडमंला पत्र लिवताना दर खेपंला येक बदामाचं पान धाडायचा. राणी धाडली, एक्का धाडला, गुलाम धाडला. सा पानं गेली आन् मडमंनं दुसरा दादला केला. मग साहेबानं कॅट माझ्याम्होरं फेकला. सात बदाम उरल्यात ह्यात. चार तुझ्याजवळ. तीनासाटनं आख्ख्या एकराचं पानी लावलंस?"

पैलवान खाली मान घालून म्हणाला, "तू लिवत हुतास रं तवा."

मी कॅट उचलून मोजला. सेहेचाळीस पानं. पंचवीस दिवस मी त्या पानांनी खेळत होतो, पिसत होतो, वाटत होतो, आणि एकदाही मोजली नव्हती. बदामची राणी मी महिन्याभरात बघितली नव्हती आणि ते माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. एक्केचाळीस पानांत तीन. चौदात एकदा. साडेसातच मिळत असताना मी 'बघतो' म्हणालो होतो. पैकीच्या पैकी मार्क! तिथंच मोटेच्या थारोळ्यात डोकं बुडवून घ्यावंसं वाटलं.

संध्याकाळी घरी गेलो. वहिनी चुलीपुढं भाकरी थापत होत्या. मी उंबऱ्यावर बसून सगळं सांगितलं. ताकाचं भांडं उगाच गेलं होतं तेही सांगितलं. त्यांचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी त्या बघत राहिल्या.

"किती दिस?" त्यांनी विचारलं.

"सोळा," मी म्हणालो. "आपली पाळी आज संपली. पुढचे दोन फेरे आपलं पाणी नाही, आणि तिसऱ्यात पाळी यायला चार दिवस."

"सोळा." त्यांनी भाकरी उलटली. मग म्हणाल्या, "त्यात बदाम न्हाईत हे मला बी म्हाईत हाय की भावजी. मामंजींच्या घरातल्यांनी कवाच सांगितलंय. साऱ्या गावाला म्हाईत हाय. मला इचारायचं तरी."

त्या मला बोलल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि मला जेवायला वाढलं. 

सकाळी हवालदार लंगडत दारात आले. म्हणाले, "सूनबाई, पोरखेळ झाला. निम्मं पानी घ्या तुमी. माझी हळद काय, हुईल तशी हुईल." ते मनापासून बोलले की भीड पडून, ते मला कळलं नाही. वहिनी डोक्यावर पदर घेऊन दाराआडून म्हणाल्या, "नगं मामंजी. आमच्या घरचा मानूस हरला. आज ह्यो शबुद फिरवला तर उद्या इहिरीवर कुनाच्या शबुदाला काय राहील?" हवालदार आले तसे लंगडत गेले.

वहिनींनी मला रानात नेलं. विहिरीकडच्या आठ सऱ्या पायानं मोजल्या आणि बांबूची काठी रोवली. "एवढ्याला आपुन हातानं शेंदून पानी घालू. बेन्यापुरता राहील. काठीच्या पल्याडचा आजच कापायचा."

मी म्हणालो, "कापायचा? वहिनी, अजून तो हिरवा आहे! वळीव येईल. या पंधरवड्यात वळीव यायचा संभव निम्मा तरी..."

"आन् न्हाई आला तर?"

"तर मग..."

"तर समदाच वाळनार. आज कापला तर म्हशीला, बैलांला वैरन तरी हुईल. वाळल्यावर जनावर त्वांड लावायचं न्हाई." त्यांनी माझ्या हातात विळा दिला. "धरा."

दोन दिवस आम्ही तो ऊस कापला. कंबरेएवढा, कोवळा, चांगला ऊस. वहिनी एकदाही मागं बघत नव्हत्या, कापून पेंढ्या बांधत पुढं सरकत होत्या. दुसऱ्या दिवशी शेवटच्या सरीशी त्या खाली बसल्या आणि मोठ्यांदा रडल्या. मी लांब उभा राहिलो. राहिलेल्या पेंढ्या मी बांधल्या.

मग चौदा दिवस घागरी. पहाटेपासून ऊन डोक्यावर येईपर्यंत आणि परत कलल्यावर. हवालदारांची मोट चालू असायची, पाटातनं भरून पाणी त्यांच्या हळदीला जायचं, आणि त्याच विहिरीतनं आम्ही दोघं पोहऱ्यानं शेंदायचो. पैलवान दोन-तीनदा आपणहून येऊन शेंदू लागला. खेपा मोजायची मला सवय लागली होती, तिसऱ्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "मोजू नगासा. मोजलं की जड व्हत्यात." दहाव्या दिवशी वळीव आला, पण नदीपलीकडं. आमच्याकडं धुळीची वावटळ तेवढी आली आणि माझ्या डोळ्यांत कचरा गेला. आठ सऱ्या जगल्या. बाकीच्या रानात पाऊस पडल्यावर वहिनींनी जोंधळा टाकला.

जूनमध्ये मी सांगलीला शाळेवर रुजू झालो. पोरांना संभाव्यता शिकवताना आधी सांगायचो, गोटे काढायच्या आधी पिशवी उपडी करून मोजा. पोरांना वाटायचं, मास्तर भारी विनोदी आहेत.

लढाई संपली आणि दिवाळीच्या आगंमागं दादा रजेवर आला. मलाही सुट्टी होती. घरी आल्या आल्या पाणी पिऊन तो म्हणाला, "चल, रानात जाऊन यिऊ." आम्ही तिघं गेलो. जोंधळा कणसात आला होता. विहिरीकडं आठ सऱ्या ऊस उभा होता, डोक्याच्या वर गेलेला, जाड कांड्यांचा. दादानं एक कांडं हातात धरून बघितलं.

"ऊस लावलासच व्हय? एवढाच?"

 मी वहिनींकडं बघितलं. त्या जोंधळ्याचं एक कणीस हातात घेऊन दाणे बघत होत्या.

"एवढाच," त्या म्हणाल्या. "जमतंय का बघावं म्हनलं. न्हाई जमलं. मग जोंधळा टाकला."

दादा मोठ्यांदा हसला. तसाच, आदल्या वर्षीसारखा. "सांगितलं न्हवतं? बाईमानसाला ऊस पेलायचा न्हाई म्हणून?" मग माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "बरं झालं तू घरी हुतास. न्हाईतर ही आख्खा एकर लावून बसली असती."

"व्हय," वहिनी म्हणाल्या. "भावजींनीच आवरलं मला."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी पुन्हा पुन्हा आठवून बघितलंय, नव्हता. मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. दादा माझ्याकडं बघत होता, उत्तराची वाट बघत.

"हो," मी म्हणालो.